बारा वर्षं ठेवलेलं प्रस्थान

आप्पा, काल तुमच्या तेराव्याला धोंडभट रडले. तुम्ही पाहायला हवं होतं. तिसऱ्या लाडवानंतर त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "आप्पाजोशी देहाने पुण्यात राहिले, पण मनाने त्यांनी जंगबार पाहिला होता." पंगतीने माना हलवल्या. मी माझं पान घेऊन ओसरीच्या पायरीवर बसलो होतो, तिथूनही त्या हललेल्या दिसल्या. मनाने जंगबार पाहता येत असेल तर मनाने लाडूही खाता यायला हवेत. पण लाडवांच्या बाबतीत धोंडभट देहाने हजर होते.

मला त्यांचा राग आला नाही. राग यायला समोरच्याबद्दल थोडा आदर शिल्लक असावा लागतो. अडचण अशी आहे की कालपासून माझा तिटकारा धोंडभटांपाशी थांबत नाही. तो पुढे सरकतो, तुमच्या रिकाम्या पाटापर्यंत येतो, आणि तिथून माझ्याकडे वळतो. गुरूबद्दल असं लिहू नये हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही पुष्कळ शिकवलंत. शिरवळच्या एका तांबटाच्या मुलाला शिकवायची काही गरज नसताना शिकवलंत. म्हणूनच हे कुणाला तरी सांगायचं तर तुम्हालाच सांगावं लागतं.

जंगबार म्हणजे समुद्रापलीकडचा हबशांचा मुलूख. फिरंगी त्या सगळ्या खंडाला आफ्रिका म्हणतात, असं हसन तांडेलाने आपल्याला सांगितलं होतं. पुण्यातून माणसं काशीला जातात, रामेश्वरला जातात, फौजेबरोबर थेट अटकेपर्यंत जाऊन आली. जंगबारात मात्र कुणाचं काही काम अडलं नव्हतं. तुमचं अडलं होतं, आणि ते काम एका ताऱ्याचं होतं.

पुण्यात ध्रुव क्षितिजापासून साडेअठरा अंश वर दिसतो. दक्षिणेकडे जावं तसा तो खाली येतो, आणि निरक्ष देशात, जिथे दिवस आणि रात्र बारा महिने सारखे असतात, तिथे तो क्षितिजाला टेकतो. हे ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांत आहे. प्रत्येक जोशाचा मुलगा मुंज झाल्यावर हे पाठ म्हणतो आणि मग जन्मभर त्याचा विचार करत नाही. तुम्ही केलात. "गणोबा," तुम्ही मला म्हणाला होतात, "हलत नाही म्हणून ज्याला ध्रुव म्हणतात, तो मी चालायला लागलो की हलतो. एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं आहे. बाकी काही नको."

हसन तांडेल चेऊलच्या गलबतावरचा, खलाशांचा म्होरक्या. दरवर्षी गलबत निघायच्या आधी तांब्याच्या देगा आणि हंडे न्यायला तो घाट चढून माझ्या भट्टीवर येतो, कारण तिकडे आपल्या तांब्याला मागणी आहे. त्याला तुम्ही मोठ्या आशेने विचारलंत, "ध्रुव खाली जाताना तू पाहिलास का?" तो हंड्याला टिचकी मारून आवाज ऐकत होता. तो म्हणाला, "त्यात काय बघायचं, बाबा? मोंबासा यायच्या आधी तो पाण्यात बुडतो. आमचा खलाशी त्यावरूनच सांगतो, आता किती राहिलं."

तुम्ही ही बातमी घेऊन देवळात गेलात. शास्त्रीमंडळी बसली होती. धोंडभट म्हणाले, "खलाशाची साक्ष शास्त्राला चालत नाही."

"मग मी जाऊन बघतो," तुम्ही म्हणालात.

"बघा की. समुद्र ओलांडलात की तुमचीही साक्ष चालणार नाही."

सगळे हसले. तुम्हीही हसलात, ते मला आजतागायत आवडलेलं नाही. म्हणजे ज्याने पाहिलं त्याने बोलायचं नाही, आणि ज्याने पाहिलं नाही त्याने निर्णय द्यायचा. ही व्यवस्था या शहरात अजून उत्तम चालू आहे, आप्पा. तुमच्या जाण्याने तिला काही धक्का लागलेला नाही.

एकटं जायचं हे तुम्ही त्याच दिवशी ठरवलंत. मी बरोबर येतो म्हटलं, तर म्हणालात, "पातकाला वाटेकरी नको. आणि तुझी भट्टी कोण फुंकणार?"

माझी भट्टी. ती पुण्यात आहे तीही तुमच्यामुळे. मी विशीत असताना वडिलांनी केलेलं घटिकापात्र विकायला तुमच्या दारात आलो होतो. तांब्याची वाटी, तळाला सुईएवढं भोक, पाण्यात सोडली की बरोबर एका घटकेत बुडायची. तुम्ही ती तुमच्या जुन्या वाटीशेजारी सोडलीत. दोन्ही एका दमात बुडाल्या. तुम्ही विचारलंत, भोक कुणी मोजलं? मी म्हणालो, वडिलांनी, अदमासाने. त्यांना गणित येतं? अक्षरही येत नाही. आणि तुला? मी शिरवळच्या पंतोजींकडे मोडी शिकलो होतो, बेरीज-वजाबाकी येत होती, आमच्या घराण्यात तेवढंही येणारा मी पहिला. तुम्ही म्हणालात, "बस."

ओसरीच्या पायरीवर बसून, धुळीच्या पाटीवर, मी सहा वर्षं शिकलो. तुमच्या घरात मला त्या पायरीच्या वर येता येत नव्हतं, म्हणून उन्हाळ्यातही तुम्ही पायरीवर येऊन बसायचात. शेवटी तुम्ही मला एक चंद्रग्रहण पूर्ण काढायला सांगितलंत, आरंभापासून मोक्षापर्यंत, कुणाची मदत न घेता. आळीतली दहा माणसं अंगणात उभी राहिली. ग्रहण माझ्या घटकेला लागलं आणि माझ्या घटकेला सुटलं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हा उत्तीर्ण." धोंडभट म्हणाले, "तांबटाने ग्रहण सोडवलं. आता चंद्राने कल्हई करून घ्यावी." त्यावरही सगळे हसले. पण मी शिरवळला जाऊन वडिलांना तो शब्द सांगितला, आणि ते तांबं ठोकायची मठारणी बाजूला ठेवून उठून उभे राहिले. माझ्यासाठी माझे वडील उभे राहिले. हे ऋण मी विसरणार नाही, आणि आज तुमच्याविषयी जे वाईट लिहितो आहे ते या ऋणाच्या बाजूलाच लिहितो आहे.

तर तुमची तयारी. तयारीत तुमचा हात कुणी धरला नसता. गलबतावर चाळीस दिवस दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही, म्हणून मी घट्ट झाकणांचे दोन हंडे घडवले. ते पाणी पुरेल का याचं तुम्ही गणित मांडलंत, त्यात उन्हाने आटणारं पाणीही धरलंत. भाजलेले पोहे, सातू, मेतकूट, सुंठ, गंगेची लोटी. गलबतावर चूल पेटवायला तांडेल एका शब्दात हो म्हणाला. पण त्या चुलीला इतर कुणाचा हात लागला तर काय, यावर तुम्ही तीन वर्षं ग्रंथ चाळलेत. ध्रुव मोजायला मी तांब्याचं तुरीय यंत्र केलं, पाव वर्तुळाचं, अंशाच्या खुणा कोरलेलं. संध्याकाळी तारे उगवले की अंगणात उभे राहून तुम्ही त्यातून ध्रुव बघायचात, साडेअठरा यायचे, आणि तुम्ही समाधानाने मान डोलवायचात. जणू तो पुण्यात हलला असता.

तांडेलाकडून तुम्ही तिकडची भाषाही शिकलात. दहा-बारा शब्द. माजी म्हणजे पाणी. जेवायला बसलं की तुम्ही आत हाक मारायचात, "अहो, माजी आणा." काकू पाणी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तिकडे गेलात की तसं मागा. इथे पाणी म्हणा, नाहीतर तहानलेले राहाल."

आणि प्रस्थान. ज्यांनी ही रीत पाळली नसेल त्यांनाही ती ऐकून माहीत असते. मुहूर्त आहे पण निघता येत नाही, अशा वेळी मुहूर्तावर आपलं जानवं, सुपारी, एखादं वस्त्र फडक्यात बांधून जायच्या दिशेला असलेल्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग पाच दिवसांत निघालं की झालं. तुम्ही पहिल्या वर्षी ते धोंडभटांच्या पडवीत ठेवलंत, कारण त्यांचं घर पश्चिमेला. ते समुद्राच्या प्रवासाचं आहे हे कळल्यावर धोंडभटांनी ते काठीच्या टोकाला लटकावून परत आणलं आणि तुमच्या अंगणात सोडलं. त्यानंतर तुम्ही ते माझ्या भट्टीवर ठेवू लागलात. भट्टी पेठेच्या टोकाला, नदीच्या बाजूला, तीही पश्चिमेलाच. दरवर्षी मार्गशीर्षात तुम्ही गाठोडं घेऊन यायचात, मी हात धुऊन ते खुंटीला टांगायचो, सहाव्या दिवशी तुम्ही ते न्यायला यायचात.

बारा वर्षं, आप्पा. अकरा वर्षांची कारणं मला पाठ आहेत, कारण त्यांचं गणित मीच ताडून पाहिलं होतं. शुक्राचा अस्त. गुरूचा अस्त. सिंहस्थ. पंचक. ग्रहणानंतरचे दिवस. घरात सोयर. काकूंना ताप. पुन्हा शुक्र. गलबतं निघतात पौषात, कारण तेव्हा वारा तिकडे वाहतो, आणि पौष वर्ज्य. तांडेल म्हणायचा, "वाऱ्याला तिथी कुठली, बाबा?" तुम्ही त्याला समजावून सांगायचात. तो ऐकून घ्यायचा, देगा उचलायचा आणि जायचा. त्या माणसाला लिहिता येत नाही आणि तो जंगबारला चौदा वेळा जाऊन आला आहे.

शहर तुम्हाला काय म्हणत होतं ते तुम्हाला माहीत होतं. लग्नात कुणी उशिरा निघालं की म्हणायचे, "जंगबारला निघालेत." मी त्यांच्याशी भांडलो. एकदा मंडईत हातघाईवर आलो. आज वाटतं, ते बरोबर होते आणि मी मूर्ख होतो. पण ते बरोबर होते ते आळसाने बरोबर होते. काहीच करायचं नसलेल्या माणसाला दुसरा काही करणार नाही हे फार लवकर कळतं.

तुम्ही भित्रे नव्हतात. दरबारातल्या एका बड्या माणसाच्या मुलाच्या लग्नाचा मुहूर्त तुम्ही त्याच्या तोंडावर चुकीचा ठरवला होतात, तेही सगळ्यांसमोर, आणि तुमचं वर्षासन बंद झालं तरी शब्द मागे घेतला नाहीत. मग घाट उतरायला तुमचे पाय का वळत नव्हते? मला हे तुम्हाला विचारायचं होतं. विचारलं नाही. पायरीवर बसून शिकलेला माणूस काही प्रश्न पायरीवरच ठेवतो.

आता गेल्या वर्षीचं.

मंगळवार होता. दुपारी तांडेलाचा निरोप आला की वारा लवकर धरला आहे, गलबत सहाव्या दिवशी सुटणार. चेऊलला चार मुक्काम. म्हणजे उद्या तुम्ही निघायलाच हवं होतं. मंगळवारी निघायचं नाही हे कुणालाच विचारावं लागत नाही. आणि तुमच्या प्रस्थानाची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपलेली, गाठोडं तुम्ही यंदा अजून नेलं नव्हतं एवढंच.

तुम्ही भट्टीवर आलात. उन्हात चालून आल्यासारखा चेहरा होता. तुम्ही म्हणालात, "गणोबा, उद्याचं बघ. माझे डोळे दुखतायत."

मी ऐरण सोडली, हात पुसले, पाटी घेतली. उद्या भद्रा होती, अर्ध्या तिथीएवढा अशुभ काळ. प्रवासाला भद्रा चालत नाही हे सांगायला जोशी लागत नाही, पण ती कधी संपते हे काढायला लागतो. मी काढलं आणि सांगितलं, "सूर्योदयाला आहे. पण मावळायच्या एक घटका आधी संपते."

"एक घटका मोकळी?"

"एक घटका."

तुम्ही एकदम हलके दिसलात. "पुरे की. उंबरठा ओलांडायला किती वेळ लागतो? नदीपलीकडे मुक्काम करतो, पहाटे पुढे. हंडे कुठायत?"

"घरी, माजघरात."

"हमालाला सांग."

तुम्ही वळलात. भट्टीच्या दारापर्यंत गेलात. आणि मी म्हणालो, "थांबा आप्पा, एकदा ताडून बघतो."

तुम्ही दारात पाठमोरे उभे राहिलात. म्हणालात, "कशाला?"

"चुकलेलं नको."

मी ताडून पाहिलं. एका ठिकाणी हातचा धरायचा राहिला होता. भद्रा सूर्यास्तानंतरही चालू होती. मोकळी घटका नव्हतीच. मी तुम्हाला ते मोठ्या आवाजात सांगितलं, आपली चूक आपणच पकडली याचा मला अभिमान वाटत होता. वर असंही म्हणालो, "बरं झालं बघितलं ते."

तुम्ही बराच वेळ नदीकडे बघत होतात. मग आत आलात आणि खुंटीवरचं गाठोडं स्वतः काढून घेतलंत. "म्हणजे यंदा नाही," तुम्ही म्हणालात.

"यंदा नाही."

जाताना माझ्या पाटीकडे बघून म्हणालात, "आता चोख आहे."

मला आनंद झाला. आप्पा, मला त्या दिवशी आनंद झाला.

त्यानंतर वर्षभर तुम्ही जंगबारचं नाव काढलं नाहीत. यंत्र मागितलं नाहीत. मला वाटलं, वय झालं, मन वळलं. या मार्गशीर्षात तुम्हाला कफ झाला आणि आठ दिवसांत आटोपलं. शेवटच्या दिवसांत मी पायरीवर येऊन बसायचो. तुम्ही आतून विचारायचात, "भट्टी चालू आहे ना?" मी हो म्हणायचो. एवढंच बोललो आपण. मला वाटत होतं तुम्ही शांत आहात. आजूबाजूचे म्हणत होते, किती समाधानाने चाललेत.

काल पंगत उठल्यावर, सगळे विडा खाऊन गेल्यावर, काकू ओसरीवर आल्या. खांबाला टेकून बसल्या. म्हणाल्या, "गणू, मागच्या वर्षी तू त्यांना भद्रा सांगितलीस."

"हो."

"त्यांनी ती सकाळीच काढली होती."

मला कळलं नाही. मी म्हणालो, "कशी? निरोप दुपारी आला."

"निरोप येवो न येवो, ते रोज उद्याचं काढायचे. मार्गशीर्ष लागला की रोज. बुधवारी दिवसभर भद्रा, मावळल्यावरही भद्रा, असं मला सकाळीच म्हणाले होते. निरोप आला तेव्हा पाटीला हात न लावता उठले आणि तुझ्याकडे आले."

"मग मला कशाला विचारलं?"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की पंचवीस वर्षांचं शिक्षण जागच्या जागी वितळलं. "तू चुकशील म्हणून, अरे. तुझ्या चुकीवर निघायचं होतं त्यांना. मी जा म्हटलं असतं तर बायकोने घालवला म्हणाले असते लोक. धोंडभट जा म्हणणार नव्हते. राहिलास तू."

पायरीवरची धूळ मी बोटाने सारखी करत राहिलो.

"आणि तू चुकलासही म्हणे," काकू म्हणाल्या. "घरी येऊन मला म्हणाले, गणोबा चुकला होता हो. दारापर्यंत गेलो होतो. मग सुधारला."

एवढं बोलून त्या आत भांडी बघायला गेल्या.

आप्पा, रात्रभर मी तुम्हाला नावं ठेवली. स्वतःची भीती शिष्याच्या पाटीवर उतरवून घ्यायची, हा कुठला धर्म? मी चुकावं असं वाटत होतं तर सहा वर्षं प्रत्येक हातच्यासाठी माझ्या बोटांवर छडी का मारलीत? डोळे दुखतात म्हणालात. तुमचे डोळे कधी दुखले नाहीत, शेवटच्या दिवशीही तुम्ही दाराच्या फटीतून ऊन बघून वेळ सांगितलीत. एक माणूस दरबाराला नाही म्हणू शकतो आणि अर्ध्या तिथीला म्हणू शकत नाही. असल्या विद्येला मी काय म्हणू? ती आणि धोंडभटांची विद्या एकाच पाटावर बसून जेवतात.

पण मग भट्टीचं दार डोळ्यांसमोर येतं. तुम्ही पाठमोरे उभे आहात. "कशाला?" असं म्हणता आहात. एवढा एकच शब्द, आणि मला तो ऐकू आला नाही. तुम्हाला शिवी देता येते, आप्पा, त्यात थोडं सुख आहे. स्वतःला दिली की काही सुख लागत नाही. मी पहिल्या पिढीचा शिकलेला माणूस. बरोबर असणं एवढीच माझी मिळकत होती, आणि ती मी तुमच्यासमोर मिरवली. ज्यांच्या घरात सात पिढ्या विद्या आहे त्यांना कधी न ताडता सोडून द्यावं हे बहुधा कळत असावं. मला कुणी ते शिकवलं नाही. शिकवायला हवं होतं तेव्हा तुम्ही फक्त डोळे दुखतात म्हणालात.

आज सकाळी हसन तांडेल आला. त्याला काही माहीत नव्हतं. देगा पाहिल्या, दोन नापसंत केल्या, आणि म्हणाला, "बाबांची जागा यंदाही धरून ठेवली आहे. येतात का विचारा."

मी त्याला सांगितलं. तो हंड्यावर बसला. मग म्हणाला, "भला माणूस. एवढी तयारी करून कुणी हजलाही जात नाही." मग उठला. "तर जागा देतो दुसऱ्याला. खजूरवाला एकजण मागे लागला आहे."

"गलबत कधी सुटणार?"

"आठ दिवस. वारा बरा आहे."

"देऊ नका जागा," मी म्हणालो.

"कुणासाठी ठेवू?"

"मी येतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भट्टीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "एकटेच?"

"एकटाच. भट्टी भाऊ बघेल."

"तिथी बघणार असाल तर आत्ताच सांगा. खजूरवाला बघत नाही."

"नाही बघणार."

हे बोलून झाल्यावर माझा हात सवयीने पाटीकडे गेला. पण बोलून झालं होतं.

काकूंना सांगायला गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ते हंडे घेऊन जा. माझ्या माजघरात बारा वर्षं पाय ठेवायला जागा नाही." मी बरं म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "परत आलास की मला त्या ताऱ्याचं काही सांगायला येऊ नकोस." मी बरं म्हटलं. मी पायरी उतरलो तेव्हा मागून म्हणाल्या, "पोहे भाजून ठेवते, उद्या सकाळी येऊन ने. तुझ्या बायकोला जमायचे नाहीत, करपवते ती."

तुमची अपुरी इच्छा पुरी करायला चाललो आहे, असं समजू नका. ती भाषा धोंडभटांसाठी ठेवा, ते पुढच्या पंगतीत वापरतील. मी पाहून आलो तरी माझी साक्ष कुणी घेणार नाही. तांबटाची, आणि तीही समुद्र ओलांडलेल्या तांबटाची. मला ती कुणाला द्यायचीही नाही. अंशाच्या खुणा मी कोरल्या आहेत, त्यांवरून ध्रुव खाली घसरताना पाहायचा आहे, रोज थोडा. शेवटच्या खुणेच्याही खाली गेला की यंत्र बाजूला ठेवायचं आणि नुसतं बसायचं आहे. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, याचा तिथे विचार करणार नाही असं ठरवलं आहे. जमेल असं नाही.

उद्या सकाळी निघतो. उद्या गुरुवार आहे एवढं मला माहीत आहे, ते भाजीवालीलाही माहीत असतं. त्यापुढचं माहीत नाही. तुमच्याकडे आल्यापासून असा एक दिवस गेला नाही की दुसऱ्या दिवशीचं नक्षत्र, योग, करण मला ठाऊक नव्हतं. तुम्हीच लावलेली सवय. आजची तिथी ठाऊक आहे, त्यामुळे पुढचं आपोआप जुळायला लागतं, तोंड मिटून घेतलं तरी बोटांची पेरं मोजू लागतात. पाटी मी भावाला देऊन टाकली. बोटं कुणाला देणार? म्हणून दुपारपासून त्यांत लेखणी धरून बसलो आहे, आणि जे सुचेल ते तुम्हाला लिहितो आहे, बरं आणि वाईट. हा कागद संपत आला. अजून उजेड आहे. दुसरा घेतो.